घड्याळ घेण्याआधी तासांचा हिशेब

प्रश्न: मी घरून डिझाइनची कामं करते. दिवस कुठे जातो कळत नाही. झोप, पावलं, कामाचे तास, खर्च असं सगळं नोंदवण्यासाठी स्मार्टवॉच हप्त्यांवर घ्यायचा विचार आहे. सोबत ॲपचं वार्षिक सदस्यत्वही. पैसे वसूल होतील का?

उत्तर: हप्त्यांवर तरी घेऊ नका. घड्याळाचे पैसे एकदाच जातात, सदस्यत्वाचे दरवर्षी, आणि काही वर्षांत बॅटरी दम तोडते. तीन वर्षांचा सगळा खर्च एकत्र मांडा. मग बघा, यातल्या कोणत्या नोंदीने तुमचा एखादा निर्णय बदलणार आहे?

मला अशी एकच नोंद दिसते: कामाच्या तासांची. नेमकी तीच नोंद घड्याळ आपणहून घेणार नाही. २० तास धरून पैसे सांगितलेलं काम फोन, तिसऱ्यांदा मागितलेल्या दुरुस्त्या आणि बिलाचा तगादा धरून ३२ तासांवर गेलं, तर तुमचा तासाचा दर ३७.५ टक्क्यांनी घसरला. हे कोणत्या ग्राहकाकडे घडतं ते कळलं, की पुढचं कोटेशन बदलतं. कधी ग्राहकच बदलावा लागतो. त्यासाठी वही पुरते. मात्र काम उरकलं की लगेच लिहा, रात्री आठवून नाही. पहिल्या आठवड्याचे आकडे फार मनावर घेऊ नका. लिहून ठेवायचंय म्हटलं की माणूस जरा शहाण्यासारखा वागतो.

खर्चाचं म्हणाल, तर बँकेचं स्टेटमेंट आहेच. फक्त रोखीचे व्यवहार टिपा.

राहिली तब्येत. २०१६ साली अमेरिकेत वजन कमी करण्याविषयीची दोन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. हालचाल मोजणारं उपकरण अंगावर वापरणाऱ्या गटाचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं; संकेतस्थळावर स्वतः नोंदी करणाऱ्यांचं ५.९ किलो. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके सहांनी बऱ्यापैकी अचूक मोजले, पण खर्च झालेल्या कॅलरींबाबत सर्वांत बरं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. ठोक्यांवर लक्ष ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग ती गरज आहे.

दोन महिने वही चालवा. मध्येच सुटली, तर घड्याळही सुटलंच असतं असं धरा. टिकली आणि एखाद्या कामाचा दर वाढवून मिळाला, तर त्या वाढीव पैशातून रोखीने घ्या, सदस्यत्वाशिवाय चालणारं.