मिश्र पुंगळ्यांची बादली मिळाली आहे. रीलोडिंगसाठी, म्हणजे त्या पुन्हा भरून काडतुसं करण्यासाठी, त्या निवडायच्या कशा?

तुम्ही लिहिलंय, की ओळखीच्या एका नेमबाजाने नेमबाजीच्या रेंजवर गोळा केलेल्या रिकाम्या पुंगळ्यांची पाच गॅलनची बादली तुम्हाला तशीच उचलून दिली. तीन शनिवार हाताने निवडूनही तळ दिसत नाही. आता प्रत्येक कंपनीच्या शिक्क्याप्रमाणे वेगळे डबे लावावेत का, असं तुम्ही विचारलंय.

डबे लावू नका. निदान आत्ताच नको. मी एक अख्खा हिवाळा त्यात घालवलाय, त्याची गोष्ट पुढे येईल.

त्याआधी एक अगदी वेगळा मुद्दा. तुम्ही अमेरिकेत आहात एवढंच लिहिलंय, कोणत्या व्हिसावर ते नाही. इथल्या संघीय कायद्यात ‘अ‍ॅम्युनिशन’ या शब्दात भरलेलं काडतूस तर येतंच, पण नुसती पुंगळी, प्रायमर (पुंगळीच्या बुडात बसणारी, पिनेच्या ठोक्याने पेटणारी टोपी), गोळी आणि बंदुकीची दारूही येते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला हे बाळगायला मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना. ग्रीनकार्डवाल्याला ही अडचण नाही. ‘रिकामं पितळ आहे, त्याला काय होतंय’ असं म्हणून गॅरेजमध्ये बादली ठेवणारे आपले लोक मी पाहिलेत. तुमचं कशात बसतं ते आधी बघा, लागलं तर वकिलाला विचारा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

मी मूळचा भुसावळचा. अकरा वर्षं ओहायोत आहे आणि त्यातली आठ वर्षं स्वतःची काडतुसं स्वतः भरतोय. पहिली बादली मिळाली तेव्हा मी तुमच्यासारखाच एकेक पुंगळी उचलून, चष्मा कपाळावर सरकवून, बुडावरचा शिक्का वाचत बसायचो. तेव्हा आई इकडे आलेली होती. ती पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, तांदूळ निवडताना एकेक दाणा उचलून बघतात का? पसर, नि नको ते काढ.” तिथे माझा प्रश्न सुटला. हवं ते शोधत बसायचं नाही, नको ते बाहेर काढत जायचं. आणि नको ते म्हणजे काय, तर ज्याने प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) मोडेल, बोट कापेल किंवा बंदूक फुटेल ते. आधी ते सगळं काढायचं. नीटनेटकेपणा मागाहून.

तिने लगेच स्वयंपाकघरातली परात आणली होती. ती मी घाईघाईने काढून घेतली, कारण पुंगळीच्या आतल्या काजळीत प्रायमरचं शिसं असतं. परात पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही, आजही गॅरेजमध्ये आहे. हातमोजे घाला, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका, काम झालं की साबणाने हात धुवा आणि मगच चहाला बसा.

पसरल्यावर सर्वांत आधी जिवंत काडतुसं शोधा. वापरलेल्या पुंगळ्यांच्या बादलीत न उडालेली काडतुसं हमखास सापडतात. कुणाचं तरी फुसकं निघालेलं असतं, कुणाचं हातातून पडलेलं असतं. गोळी दिसत असेल तर प्रश्न नाही. पण गोळी नसलेल्या आणि बुडाच्या प्रायमरवर पिनेचा खड्डा नसलेल्या पुंगळ्याही निघतात. त्यांचा प्रायमर अजून जिवंत असतो. त्या धुवायच्या नाहीत, प्रेसवर घालायच्या नाहीत. बहुतेक रेंजवर फुसक्या काडतुसांसाठी वेगळा डबा असतो, त्यात नेऊन टाका.

मग चुंबक. स्टीलच्या पुंगळ्यांवर कधी कधी पितळेचा मुलामा असतो, नजर फसते, चुंबक फसत नाही. अ‍ॅल्युमिनियमवाल्या मात्र चुंबकाला दाद देत नाहीत. त्या हाताला फारच हलक्या लागतात आणि त्यांचा रंग जुन्या जर्मनच्या पातेल्यासारखा करडा असतो. आणि चकाकणाऱ्या चांदीच्या रंगाच्या पुंगळ्या पाहून त्या टाकून देऊ नका. त्या निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेच्या असतात, चांगल्या चालतात. फक्त साध्या पितळेपेक्षा थोड्या लवकर तडकतात.

.२२ कॅलिबरच्या (कॅलिबर म्हणजे गोळीच्या जाडीचं माप, इंचात किंवा मिमीत) बारक्या पुंगळ्या भंगारात जातील. त्यांचा स्फोटक मसाला कडेच्या घडीत भरलेला असतो, त्या पुन्हा भरता येत नाहीत. रायफलच्या लांब पुंगळ्या हाताने बाजूला काढा. मग उरलेल्या पिस्तुलाच्या पुंगळ्यांसाठी चाळण्या वापरा. पाच गॅलनच्या बादलीवर एकावर एक बसणाऱ्या, फटी असलेल्या प्लॅस्टिकच्या चाळण्यांचा संच मिळतो. वरच्या चाळणीत .४५ अडकतात, खालच्या चाळणीत .४०, त्याखाली ९ मिमी, आणि तळात .३८० पडतात. मूठ-मूठ टाकायच्या आणि हलवायचं. तुमचे तीन शनिवार तासाभरात आटोपतील. पैसे घालायचे असतील तर या एका वस्तूवर घाला.

पण चाळणीला फक्त जाडी कळते. एकाच जाडीच्या दोन जाती असल्या तर ती त्यांना एकत्रच ठेवते. खरं निवडणं इथून सुरू होतं.

९ मिमीचा ढीग घ्या. ९ मिमीची पुंगळी १९.१५ मिमी लांब असते. तिच्यातच ९ बाय १८ मकारोव्ह लपलेली असते, १८.१ मिमीची, बुडाला जवळपास तेवढीच जाड. आणि चाळणी घाईत हलवली असेल तर .३८० सुद्धा वरच राहिलेली असते, ती १७.३ मिमीची. एकदोन मिलिमीटरचा फरक हातात कळत नाही. सगळ्या पुंगळ्या तोंड वर करून एका खोक्यात दाटीने उभ्या करा आणि बाजूने तिरका टॉर्च मारा. वर्गात उभ्या केलेल्या मुलांतली बुटकी मुलं दिसावीत तशा त्या दिसतात. .४० च्या ढिगातही तसंच. .४० ची लांबी २१.६ मिमी, १० मिमी ऑटोची २५.२. दोघींची जाडी सारखीच असते, कारण १९९० साली आलेली .४० ही मुळात १० मिमीच आखूड करून बनवलेली आहे. .३५७ सिगही त्याच जाडीची, पण तिला मान असते, त्यामुळे ती ओळखू येते.

उभ्या केलेल्या खोक्याचा आणखी एक फायदा म्हणजे पोटात पुंगळी असलेली पुंगळी सापडते. ९ मिमी .४० च्या पोटात जाते, .४० जाते .४५ च्या पोटात. चाळणीत हलवताना हे आणखी वाढतं. अशी जोडी प्रेसमध्ये गेली की जुना प्रायमर ढकलून काढणारी पिन वाकते किंवा मोडते. माझ्या एका रविवारी सकाळी दोन मोडल्या, तेव्हापासून मी खोक्याशिवाय काम करत नाही.

त्याच टॉर्चने पुंगळीच्या आत तळाशी बघा. मधोमध एकच भोक दिसलं तर ती बॉक्सर पद्धतीची, आपल्या कामाची. मध्यापासून सरकलेली दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन. तिच्यात पिनेला जायला वाटच नसते, बाजूला टाका. गंमत अशी, की बॉक्सर हे इंग्रज आणि बर्डन अमेरिकन. पण अमेरिकेत चालते ती बॉक्सरची पद्धत, आणि बर्डनची पसरली युरोपभर. काही पुंगळ्यांच्या आत भिंतीला गोल पायरी दिसते. त्याही मी घेत नाही. त्या पायरीपाशी पितळ तुटून बूड वेगळं झाल्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत.

आता .४५ चा ढीग. ही सगळी एकच जात आहे असं तुम्हाला वाटेल, आणि तिथेच फसाल. .४५ एसीपीच्या बहुतेक पुंगळ्यांत मोठा प्रायमर बसतो, ५.३३ मिमीचा. पण काही कंपन्यांनी लहान, ४.४५ मिमीच्या प्रायमरच्या .४५ बाजारात आणल्या. बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. लहान खळग्यात मोठा प्रायमर दाबायला गेलात तर नशीब चांगलं असल्यास प्रेस अडकेल. नसेल तर प्रायमर तिथेच फुटेल, आणि शेजारच्या नळीत आणखी नव्व्याण्णव प्रायमर रांगेत उभे असतात. म्हणून .४५ साठी खोका उलटा भरा, बूड वर. बुडाचं वर्तुळ लहान की मोठं, ते एका नजरेत दिसतं. लहानवाल्या फेकू नका. वेगळ्या डब्यात साठवा, हजारभर जमल्या की एकदम भरता येतात.

रायफलच्या पुंगळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, पण इथे सावधपणा जास्त लागतो. बुडावर ‘एलसी’ आणि वर्षाचे दोन आकडे असतील तर ती मिझुरीतल्या लेक सिटीच्या सरकारी कारखान्यातली. वर्तुळात अधिकचं चिन्ह म्हणजे नाटोचं. अशा लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवती पितळ दाबून बसवलेलं असतं. ती कडा कापल्याशिवाय नवा प्रायमर सरळ बसत नाही. काही लष्करी पुंगळ्यांची भिंत जाड, म्हणजे आत जागा कमी. दारू तेवढीच आणि जागा कमी म्हणजे दाब जास्त. म्हणून रायफलसाठी शिक्क्याप्रमाणे वेगळं करणं खरंच गरजेचं आहे. .२२३ चा शिक्का असूनही पुंगळी ४४.७ ऐवजी साधारण ३५ मिमीच भरली, तर ती कुणीतरी कापून .३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या जातीची केलेली आहे. बुडाच्या थोडं वर चमकदार कडं दिसलं तर पेपरक्लिपचं टोक किंचित वाकवून आतून ओढून बघा. खाच लागली तर ती पुंगळी आतून पातळ झालेली आहे, पुढच्या बाराला तिथूनच तुटेल.

आता माझा हिवाळा. पिस्तुलाच्या पुंगळ्यांचे शिक्क्यांप्रमाणे मी कॉफीचे चौदा डबे भरले. प्रत्येकावर नाव, सुबक अक्षरात. मार्चमध्ये रेंजवर गेलो, पंचवीस यार्डांवरून प्रत्येक डब्यातल्या दहा-दहा झाडल्या आणि कागद शेजारी शेजारी लावले. माझा हातच इतका हलत होता, की पितळेचा फरक त्यात कुठेच दिसेना. तुम्ही स्पर्धेत उतरणार असाल किंवा पन्नास यार्डांवर बसून मारणार असाल तर वेगळी गोष्ट. एरवी ९ मिमीची पुंगळी फुटलेली नाही, बॉक्सर आहे आणि पायरीची नाही, एवढं पुरतं.

धुणं कधी, तर जिवंत काडतुसं, स्टील आणि पोटातल्या जोड्या काढल्यानंतर. तडे मात्र धुतल्यानंतर बघा, काजळीत ते दिसत नाहीत. मूठभर पुंगळ्या ओंजळीत घेऊन खुळखुळवल्या की तडकलेलीचा आवाज बद्द येतो, कान लगेच ओळखायला शिकतो. धुण्यासाठी पाणी, थोडा डिशसोप आणि चिमूटभर लिंबूसत्व. आपण देवाची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासतो, तेच हे. लिंबूसत्व जास्त झालं किंवा रात्रभर भिजत राहिलं तर पुंगळ्या गुलाबीसर होतात. काडतुसाच्या पितळेत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. त्यातलं जस्त निघून गेलं की पृष्ठभागावर तांबं उरतं. वाळवायला ओव्हन वापरू नका, ऊन आणि जुना टॉवेल बरा.

पण पितळ चमकवायच्या बाटलीतल्या द्रवांपैकी ज्यात अमोनिया आहे त्यांना हात लावू नका. याचा धडा आपल्याकडूनच मिळालेला आहे. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांतून साठवलेली काडतुसं आपोआप तडकलेली सापडायची, गोळी जिथे घट्ट बसते तिथेच. पावसाळा आला की तडे जायचे, म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूचंच नाव पडलं, सीझन क्रॅकिंग. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतली ओल आणि पितळेत घडवताना राहिलेला ताण, या तिघांचं ते काम होतं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली ते उलगडलं.

दुसऱ्या वर्षीच्या बादलीत मला ७.६२ ची एक पुंगळी सापडली, बुडावर ‘ओएफव्ही’. म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी, वरणगाव. भुसावळहून थोड्याच अंतरावर. आमच्या शेजारचे काका त्या फॅक्टरीत जायचे, सकाळी त्यांची बस गल्लीच्या तोंडाशी थांबायची. तिथलं पितळ ओहायोत येऊन माझ्या परातीत पडलं होतं. ती मी भरली नाही. बाकावर, प्रेसच्या डाव्या बाजूला ठेवलीय.

ती भुसावळला नेऊन काकांना दाखवावी असं फार वाटतं. पण तुम्हीही हे करू नका. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे भागही दारूगोळ्यातच धरलेत, आणि विमानतळावर बॅगेत पुंगळी निघाली तर ती आठवण म्हणून आणलीय हे समजावत तुमची सुट्टी जाईल. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरूच नका. आणि निघायच्या आदल्या दिवशी बुटांचे तळवे बघा. .२२ ची पुंगळी त्या खाचांत अशी चपखल बसते, की मी गेल्या डिसेंबरात स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढली.