सरकारी वकिलीतली वर्षं अपिलात मोजली जातात का?

"मॅडम, इतकी वर्षं सरकारी वकील म्हणून काढली. आता अपिलांची वकिली करावीशी वाटते. पण बारमधले सगळे म्हणतात, तुमच्याकडे ना पक्षकार, ना नाव. मग ही वर्षं फुकट गेली का?"

सरकारी सेवेतले वकील हा प्रश्न मला वारंवार विचारतात. इथे ज्यांच्याबद्दल लिहिते आहे, त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एमपीएससीतून निवड झालेल्या या सहायक सरकारी अभियोक्ता. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात रोज साक्षी, उलटतपास, फितूर होणारे पंच. वय चाळिशीच्या आत, घरी दोन मुलं.

त्यांची एक भीती लगेच दूर झाली. 'आम्ही वकीलच राहिलो नाही' असं त्यांना वाटत होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दीपक अगरवाल प्रकरणात जिल्हा न्यायाधीशपदाच्या पात्रतेचा विचार करताना स्पष्ट सांगितलं आहे की, कोर्टात सरकारची बाजू मांडणारा अभियोक्ता पगार घेतो म्हणून वकील राहत नाही, असं नाही.

दुसरी भीती जास्त खोल होती : 'मला फक्त खालच्या कोर्टाचं काम येतं.' माझ्या मते हीच त्यांची मोठी जमेची बाजू आहे. अपिलात नवा साक्षीदार क्वचितच येतो. खालच्या कोर्टात जे नोंदलं गेलं, त्यावरच सगळा वाद चालतो. जबाब कसा लिहिला जातो, पंचनाम्यात काय राहून जातं, पुराव्याच्या कागदावर निशाणी (क्रमांक) पडायची कुठे राहून जाते, हे ज्याने रोज पाहिलंय, त्याला पेपर बुक (अपिलासाठी एकत्र बांधलेली खटल्याची कागदपत्रं) वाचताना कुठे थांबायचं ते कळतं. पुस्तकं वाचून हे येत नाही.

तरीही एक सवय मोडावी लागणार होती. मी त्यांना छापून आलेला एक शिक्षेचा निकाल दिला आणि अपिलाचे मुद्दे एका पानात लिहायला सांगितले. त्या भलामोठा मजकूर घेऊन आल्या : घटना, साक्षीदार, पुन्हा घटना. ती हकिगत होती, अपील नव्हतं. मी विचारलं, "न्यायाधीशांचं नेमकं कुठे चुकलं?" बराच वेळ त्या कागद उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "ज्या बाबीवर शिक्षा दिलीय, त्याबद्दल आरोपीला प्रश्नच विचारलेला नाही." पुराव्यात विरुद्ध आलेल्या बाबींवर आरोपीला प्रश्न विचारून त्याचा जबाब नोंदवायचा, हे सांगणारं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 313, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं 351. आरोपीपुढे न ठेवलेली बाब त्याच्याविरुद्ध वापरता येते का, आणि त्यामुळे त्याचं नुकसान झालं का, हा खरा अपिलाचा मुद्दा. तो त्यांना सापडला, कारण असे जबाब त्यांच्या डोळ्यांसमोर नोंदवले गेले होते.

मग आम्ही व्यवहाराचं बोललो. अपील म्हणजे थेट उच्च न्यायालय, असं त्यांनी धरलं होतं. पण दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेवरचं अपील सत्र न्यायालयात जातं, म्हणजे त्यांच्याच जिल्ह्यात. चेक न वटल्याच्या प्रकरणांतली अपिलं तिथे सतत असतात. त्यात चेकसंबंधीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम 148 खाली दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान 20 टक्के रक्कम भरण्याच्या आदेशावरूनही मोठा वाद होतो. एक बंधन मात्र कडक आहे : ज्या खटल्यात सरकारतर्फे उभ्या राहिल्या, त्यात आरोपीचं वकीलपत्र कधीच घ्यायचं नाही. आणि राजीनामा मंजूर होईपर्यंत खासगी काम अजिबात नाही.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलबद्दल मी आग्रहाने बोलले. 1978 च्या होसकोट निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत मोफत मिळाली पाहिजे आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही. तिथलं मानधन थोडं असतं. पण ज्याच्यासाठी दुसरं कोणी उभं राहणार नाही, त्याचं रेकॉर्ड नीट वाचणारा वकील तिथे हवा असतो, आणि सरकारी सेवेत राहिलेल्या माणसाला ते काम परकं वाटत नाही.

पैशांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. घरकर्ज चालू आहे, म्हणून त्यांनी राजीनामा वर्षभर पुढे ढकलला. तोवर सुट्टीच्या दिवशी एकेक निकाल घेऊन त्या मुद्दे लिहितात आणि मला पाठवतात. परवाचा मजकूर पाऊण पानात संपला होता.