लाकूड कुजतं, खड्डा राहतो

प्रश्न : मुलगा नागोयाला नोकरीला आहे, म्हणून यंदा जपान पाहणं झालं. हाकोनेला जुन्या हमरस्त्यावरची चौकी पाहिली, ती मूळची 1619ची. तिथे कळलं की तिच्याहून हजारएक वर्षं जुन्या चौक्याही उत्खननात सापडल्या आहेत. इतक्या जुन्या लाकडी बांधकामाचं जमिनीत उरतं तरी काय? ती चौकीच होती, कुणा सरदाराचा वाडा नव्हता, हे कशावरून? आणि आपल्या नाणेघाटातल्या रांजणासारखी तिथेही जकात घेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : लाकूड कुजतं, पण खांबासाठी खणलेला खड्डा कुजत नाही. त्यातल्या भरावाची माती भोवतालच्या मातीहून वेगळ्या रंगाची असते. जमीन खुरप्याने हलकी तासली आणि वर पाणी शिंपडलं की डाग उठून दिसायला लागतात. महाराष्ट्रातल्या उत्खननांवर माझी उमेदीची वर्षं गेली ती हेच डाग शोधण्यात, त्यामुळे जपानी मंडळींचे आराखडे पाहताना मला परकं वाटत नाही.

त्यातही सुझुका, फुवा आणि आराची या तीन प्राचीन सरकारी चौक्यांची गंमत वेगळी. 789 साली कम्मू सम्राटाने त्या मोडीत काढल्या. कारण काय, तर बंदोबस्ताला आता उपयोग नाही आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा नुसता खोळंबा होतो! हत्यारं नि धान्य प्रांताच्या मुख्य कचेरीत हलवा, इमारती उचलून सोयीच्या जागी नेऊन उभ्या करा, असा हुकूम निघाला. म्हणजे सरकारने स्वतःच जागा झाडून नेली. मागे उरले ते खड्डे, मातीचे तट आणि फुटकी कौलं.

ती कौलं फार बोलकी आहेत. आठव्या शतकातल्या जपानात कौलं असत ती मुख्यतः देवळांवर, राजवाड्यावर आणि सरकारी इमारतींवर. सुझुकाची चौकी आजच्या मिए प्रांतात, कामेयामा शहराच्या हद्दीत येते. तिथे 2005च्या सुमारास डोंगरउतारावर कौलांचे तुकडे मिळाले, मग खणल्यावर कौलारू माथ्याची मातीची भिंत निघाली. डोंगरातल्या रस्त्यावर एवढी खर्चिक भिंत घालायची ऐपत सरकारचीच. 2021मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली.

ही भिंत चौकीच्या पश्चिम अंगाला आहे, आणि मला सगळ्यात जास्त रस इथेच वाटतो. राजधानी नारा, म्हणजे पश्चिमेला. फुवाच्या चौकीतही तेच. 1970च्या दशकातल्या उत्खननात उत्तरेला सुमारे 460 मीटर आणि पूर्वेला 430 मीटरच्या आसपास मातीचा बांध मिळाला. पश्चिमेला फुजिको नदीचा तुटलेला कडा, चौकी पूर्व काठावर. आता राजधानीहून येणाऱ्याच्या जागी स्वतःला उभं करा : आधी नदीत उतरायचं, मग कडा चढायचा आणि वर पहारा. सरहद्दीवरचा शत्रू रोखायला कुणी असं बांधत नाही. भीती होती ती घरच्याच माणसांची. 672 साली राजपुत्र ओआमाने पूर्वेकडे निसटून हीच फुवाची वाट अडवली, तिकडची फौज हाताशी धरली आणि गादी जिंकली. जी वाट आपल्याला फळली, ती दुसऱ्या कुणाला फळू नये, एवढं शहाणपण त्याला होतंच. 764मध्ये फुजिवारा नो नाकामारो हा दरबारातला बडा मंत्री बंड फसल्यावर उत्तरेकडे पळाला, तो तिसऱ्या, आराची चौकीवर अडला आणि अखेर मारला गेला.

सरदाराचा वाडा का नाही, याचा आणखी एक धागा. या तीन चौक्यांवर नगारे, शिंगं आणि हत्यारं ठेवावीत, असं कायद्यातच होतं. 780च्या एका नोंदीत सुझुकाच्या ‘पश्चिमेकडच्या आतल्या तटा’तला मोठा नगारा आपोआप वाजल्याचं लिहिलंय. नगाऱ्याचं सोडा, पण पश्चिमेला तट होता, हे लिहिणाऱ्याने सहज सांगून टाकलं.

सामान्य माणसाला परवाना लागे. नाराच्या राजवाड्याखाली गाडल्या गेलेल्या जुन्या रस्त्याच्या गटारात असा एक परवाना मिळालाय. पासष्ट सेंटिमीटरच्या आसपास लांबीची लाकडी पट्टी, वाटेवरच्या चौक्यांच्या अधिकाऱ्यांना उद्देशून. ओमी प्रांतात शेतकामाला गेलेले दोघं, एक पुरुष नि एक बाई, तेव्हाच्या राजधानीला परतताहेत. सोबत घोडा : कुमाईत, वय सात. खाली गावच्या मुखियाचं नाव. राजवाडा 710च्या सुमाराचा, म्हणजे पट्टी त्याच्या आधीची. घोड्याचा रंग नि वय लिहिलंय ते बहुधा वाटेत कुणी घोडा बदलू नये म्हणून.

जकातीचं म्हणाल तर, या प्राचीन चौक्या वसुलीसाठी नव्हत्या. पैसे उकळणारे नाके मध्ययुगात बोकाळले. देवस्थानं, जमीनदार, ज्याला जमेल त्याने घातले. पुढे सोळाव्या शतकात ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने आपल्या मुलखातले ते उठवले.

पुन्हा मुलाकडे जाल तेव्हा नागोयाहून लोकलने तासाभरात सेकिगाहाराला उतरा. तिथे सगळे 1600च्या लढाईचं मैदान बघायला जातात. तुम्ही पश्चिमेकडे चालत जा. फुवाच्या चौकीचं छोटं संग्रहालय आहे. ते बघून नदीपर्यंत उतरा आणि पुन्हा वर चढा. गुडघे काय म्हणतात ते मला कळवा.