न्यू यॉर्क यांकीज या अमेरिकन बेसबॉल संघाच्या ४० जणांच्या मुख्य यादीत नसलेला कार्लोस करास्को २०२५ च्या सुरुवातीला, आळीपाळीने सामना सुरू करणाऱ्या पाच पिचरांत (चेंडू फेकणाऱ्यांत) कसा आला?

संघाचा पिचर गेरिट कोल याला ६० दिवसांच्या दुखापत यादीत टाकलं की ४० मधली एक जागा मोकळी होते, आणि करास्कोसारख्याला यादीत घ्यायला अशीच जागा लागते. मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा, नियमच तसा आहे: पिचर १५ दिवसांच्या यादीत गेला तर फक्त सामन्यात खेळवता येणाऱ्या २६ जणांतून सुटतो, ४० मध्ये मोजला जातोच, ६० दिवसांच्या यादीत गेला तर दोन्हीकडून सुटतो. मार्चमध्ये कोलच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला अस्थिबंध बदलण्याची) झाली, म्हणजे अख्खा सीझन गेला; त्याला ६० मध्ये टाकायला विचारही करायला नको. बाकीच्या पिचरांत लुईस गिलचा पाठीचा स्नायू ताणला, क्लार्क श्मिटचा खांदा कुरकुरत होता. मग उरले फ्राइड, रोडोन, ज्याला आधी बाहेर काढायच्या गोष्टी चालल्या होत्या तो स्ट्रोमन, आणि नवखा विल वॉरन. पाचवा म्हणून ३८ वर्षांचा करास्को, मायनर लीगच्या (खालच्या लीगच्या) करारावर आलेला, म्हणून ४० मध्ये नसलेला. सराव सामन्यांत त्याने बरी बॉलिंग केली होती, हेही खरं.

मात्र ही जागा उधारीची असते. ६० दिवस पुरे व्हायच्या आत त्या खेळाडूला परत आणता येत नाही, आणि आणायचं ठरलं की ४० मधून कुणाला तरी काढावं लागतं. सीझन संपल्यावर तर दुखापत यादीच उरत नाही, सगळे परत ४० मध्ये. करास्कोला मात्र कुणी परतायची वाटही बघावी लागली नाही. बॉलिंग बिघडली आणि मे महिन्यातच त्याची जागा गेली.