आई-बाबांना घेऊन लंडनहून एका दिवसात पाहून येण्यासारखा जुना राजवाडा किंवा बाग कोणती?

तुम्ही लिहिलंय की दोघंही सत्तरीचे आहेत, चालतात, पण नुसते सोन्याचे पलंग आणि तैलचित्रं बघून कंटाळतात. मग ब्लेनहाइम, चॅट्सवर्थ हे प्रसिद्ध वाडे बाजूला ठेवा. चॅट्सवर्थ तर लंडनहून एका दिवसात करायचं म्हणजे सगळा दिवस प्रवासातच जातो. त्यांना ब्रायटनला न्या. भारतातून माझ्याकडे कुणी आलं की मी आधी तिथेच नेते.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून रेल्वेनं साधारण तासभर, आणि स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर रॉयल पॅव्हेलियन. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेल्या युवराजासाठी जॉन नॅशनं १८१५ पासून या वाड्याला आजचं रूप दिलं. बाहेरून घुमट, मिनार आणि जाळ्या, आत मात्र सगळा चिनी थाट. जेवणाच्या दालनात ड्रॅगनच्या पंजात टांगलेलं झुंबर जवळजवळ एक टनाचं आहे. स्वयंपाकघर आवर्जून बघा, तिथल्या लोखंडी खांबांना वर ताडाची पानं फुटलेली आहेत. जुने वाडे सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं सभासद-कार्ड इथे चालत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं. बागेत फिरायला पैसे पडत नाहीत.

पण आई-बाबा खरे थांबतील ते तिथल्या लष्करी इस्पितळाच्या माहितीपाशी. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत, फ्रान्सच्या आघाडीवरचे जखमी भारतीय सैनिक याच वाड्यात होते. त्या झुंबरांखाली खाटांच्या रांगा लागलेले फोटो आहेत. जातीधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं होती, हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळही वेगळे. खुद्द ब्रिटिश बादशहानं आपला राजवाडा जखमींसाठी रिकामा करून दिला, असा समज तेव्हा मुद्दाम पसरू दिला गेला. प्रत्यक्षात व्हिक्टोरिया राणीनं तो १८५० मध्येच ब्रायटन शहराला विकला होता. सैनिकांची पत्रं सेन्सॉर होत, बाहेर फिरण्यावर पुढे बंधनं आली. काळजीही घेतली आणि प्रचारही केला, या दोन्ही गोष्टी आई-बाबांना सांगा.

ब्रायटनमधल्या अशा इस्पितळांत जे हिंदू आणि शीख सैनिक दगावले, त्यांच्यापैकी ५३ जणांना शहराबाहेर पॅचमच्या वरच्या टेकडीवर अग्नी दिला. तिथे आज 'छत्री' उभी आहे: पांढऱ्या संगमरवराची, आठ खांबांची, समोर दहनाच्या जागा झाकणाऱ्या ग्रॅनाइटच्या शिळा. आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाचा. फेब्रुवारी १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सनं तिचं अनावरण केलं. सैनिकांची नावं मात्र दगडावर यायला २०१० उजाडलं, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. नावं सावकाश, मोठ्यानं वाचा. फ्रान्सला गेलेल्या सैन्यात आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाच्या तुकड्याही होत्या. ऑक्टोबर १९१४ मध्ये तिथल्या नव शापेल गावच्या लढाईत त्यांची भयंकर हानी झाली.

छत्रीपर्यंत गाडी जात नाही. पॅचमपर्यंत बस किंवा टॅक्सी, पुढे कुरणांतून चढाची पायवाट. म्हाताऱ्या माणसांच्या चालीनं पाऊण तास धरा. वर पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, आडोसा नाही, वारा मात्र भरपूर. पावसानंतर चिखल होतो, तेव्हा चपला नकोत. म्हणून सकाळी वाडा, पोटभर जेवण आणि दुपारी छत्री हाच क्रम ठेवा. जूनमध्ये येणार असाल तर तिथल्या वार्षिक मानवंदनेची तारीख आधी बघून घ्या.

बाबांचे गुडघे त्या दिवशी कुरकुरले तर चढाचा हट्ट नको. पॅव्हेलियनच्या बागेच्या दक्षिण टोकाला भारतानं कृतज्ञता म्हणून दिलेलं दगडी प्रवेशद्वार आहे, तेही १९२१ चंच, ते निवांत बघा. आणि दुसरा एखादा दिवस हाताशी असेल तर वोकिंगला जा. तिथे हॉर्सेल कॉमन या मोकळ्या माळावर मुसलमान सैनिकांची जुनी दफनभूमी २०१५ मध्ये शांतता-बाग म्हणून पुन्हा उभी केली आहे, २७ सैनिकांसाठी २७ हिमालयीन बर्च झाडं लावून. तिथे चढ नाही.