डबा तसाच परत येतो, रात्री झोप नाही: गोळी बंद करू का?

*माझा मुलगा १५ वर्षांचा, दहावीत. जूनमध्ये एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान झालं, तेव्हापासून मेथिलफेनिडेटची गोळी सुरू आहे. शाळेतल्या तक्रारी थांबल्या, मार्कही वाढले. पण पोरगा जेवूनच नाही राहिला. संध्याकाळी विनाकारण चिडतो, रात्री एकपर्यंत जागा. परवा म्हणाला, "मम्मी, गोळी घेतली की मी मी राहत नाही." सासूबाई म्हणतात, बंद कर ते. काल गादीखाली न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. काय करू?*
*– एक आई, मानेवाडा, नागपूर*

ताई,

आधी गादीखालच्या गोळ्यांचं बोलू. त्यावरून रागावू नका, पण डॉक्टरांना नक्की सांगा. नाहीतर "गुण येत नाही" असं समजून ते डोस वाढवतील, आणि पोराचा त्रास आणखी वाढेल. मोकळ्या गोळ्या घरात ठेवूही नका. दहावीच्या वर्षात "जागायला दे ना एक" म्हणणारे मित्र निघतात, आणि हे उत्तेजक औषध १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली नियंत्रित आहे.

आता जेवण. गोळीचा अंमल असेतोवर भूक मरते, म्हणून दुपारचा डबा परत येतो. त्या डब्यावरून रोज वाद घालू नका. गोळी नाश्त्यानंतर द्या, आणि नाश्ता दणकून द्या: दोन पराठे, अंडी, दूध. अंमल उतरला की रात्री नऊ-साडेनऊला भूक खवळते. तेव्हा "ही काय जेवायची वेळ?" म्हणू नका, वरण-भात-तूप गरम करून वाढा. महिन्याला वजन आणि काही महिन्यांनी उंची लिहून ठेवा. वर्षानुवर्षं गोळी चालली तर काही मुलांच्या उंचीत एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो.

संध्याकाळची चिडचिड बहुधा गोळी उतरतानाची. साधी गोळी चारेक तास चालते, लांब अंमलाची आठ ते बारा. शेवटची गोळी किती वाजता घेतो ते तुम्ही लिहिलं नाही. क्लासला जाताना चार-पाचला घेत असेल, तर रात्रीची जाग तिथूनच येत असणार. वेळ किंवा प्रकार डॉक्टर बदलून देऊ शकतात. रात्रीचा मोबाईल मात्र तुमच्याच हातात.

पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्याचं आहे. डोस जास्त झाला की मूल असं मिटून जातं. हसणं कमी, मस्करी बंद, मित्रांत गप्प. घरात शांतता झाली म्हणून आपल्याला बरं वाटतं, शाळाही खूश, आणि ज्याला त्रास होतोय तो एकटाच पडतो. मला विचाराल तर ही तक्रार मार्कांइतकीच मोठी आहे. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, अॅटोमॉक्सेटिनसारखं उत्तेजक नसलेलं औषधही आहे. फक्त त्याचं वाक्य डॉक्टरांपर्यंत जाऊ द्या, आणि त्याच्याच तोंडून.

त्यासाठी पुढच्या वेळी दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा. या वयाची मुलं आईसमोर बरंच काही गिळतात. उदाहरणच द्यायचं तर, या औषधानं क्वचित लिंगाला ताठरता येऊन ती उतरतच नाही. चार तासांवर गेली तर थेट इमर्जन्सीत जावं लागतं. कुठला पोरगा हे आईला सांगेल? त्याच्या बाबांनी किंवा डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवावं.

छातीत दुखणं, खेळताना चक्कर येऊन पडणं, भास होणं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. कुटुंबात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकारानं गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. नाडी आणि बीपी दर भेटीत तपासून घ्या.

सासूबाईंना म्हणा, बंद करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही रात्रीचं ताट तेवढं सांभाळा. त्यांना ते आवडेलही.

तुमचे डॉक्टर ऐकूनच घेत नसतील तर नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा एम्सच्या मानसोपचार ओपीडीत दुसरं मत घ्या. जे काही बदलायचं ते आत्ताच बदला. बोर्डाची परीक्षा तोंडावर आल्यावर नवा डोस लावून बघायला वेळ उरणार नाही.