पुण्याहून ऑक्टोबरमध्ये एकटीने मोटरसायकलवर कन्याकुमारीला जायचं आहे. पावसाचा भरवसा नाही, तर आखणी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला राहता, गाडी दीडशे सीसीची आहे, ऑक्टोबरात सुट्टी मिळते, 'तेव्हा पाऊस संपलेला असतो' असं मित्रमंडळी सांगतात आणि आईचा मात्र ठाम नकार आहे. मी याच रस्त्याने एकटी गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी पुरेशी आहे, तिची चिंता सोडा. पाऊस संपलेला असतो हे मात्र डोक्यातून काढून टाका. मोसमी पाऊस राजस्थानातून परत फिरायला लागतो तो सरासरी १७ सप्टेंबरला. पुण्यातून तो जातो साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तेही सरळ चाललं तर. हा परतीचा पाऊस जुलैच्या झडीसारखा नसतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी जीव नकोसा करणारा उकाडा, चारच्या सुमाराला काळेभोर ढग उभे राहतात आणि तासाभरात रस्त्यावर पाणीच पाणी. आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला, तो कात्रज-सहकारनगरकडचं कोणीही विसरलेलं नाही. आणि तुम्ही कर्नाटक ओलांडून तमिळनाडूत शिराल तेव्हा तिथला पाऊस सुरू व्हायच्या बेतात असेल. ईशान्य मोसमी पाऊस सरासरी २० ऑक्टोबरच्या आसपास तिथे येतो आणि तमिळनाडूच्या वर्षभराच्या पावसातला जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. एका पावसाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात, असं दोन्ही तुमच्या वाट्याला येणार.

तरीही जा. फक्त दिवसाची आखणी पावसाच्या वेळेवर करा, किलोमीटरवर नको.

परतीच्या दिवसांत जमीन तापते, हवेत ओलावा भरपूर असतो, तापलेली दमट हवा दुपारी वर चढते आणि तिचे उंच ढग होतात. म्हणून गडगडाट बहुतेक वेळा दुपारनंतरचा. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पहाटे साडेपाचला गाडीवर बसायचं आणि दुपारी दोनपर्यंत मुक्कामाच्या गावात पोचायचं. नाश्त्याचे आणि चहाचे थांबे धरून साडेआठ तासांत तीनशे ते साडेतीनशे किलोमीटर आरामात होतात. त्याहून जास्त धरू नका. सहाशे-सातशे किलोमीटर एका दिवसात मारणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांची गोष्ट ऐका, त्यांचं वेळापत्रक घेऊ नका. सहाशे किलोमीटर म्हणजे संध्याकाळी सातपर्यंत रस्त्यावर, म्हणजे नेमकं पाऊस, अंधार आणि समोरच्या ट्रकचे डोळे दिपवणारे दिवे हे सगळं एकदम.

आतल्या रस्त्याने, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि मग ४४ ने, पुणे ते कन्याकुमारी साधारण दीड हजार किलोमीटर आहे. मी मुक्काम असे सुचवेन: पहिला बेळगाव, दुसरा चित्रदुर्ग, तिसरा बेंगळुरू ओलांडून कृष्णगिरी, चौथा मदुराई आणि पाचव्या दिवशी दुपारपर्यंत कन्याकुमारी. याशिवाय जाताना एक आणि येताना एक असे दोन दिवस पूर्ण रिकामे ठेवा. ते फिरण्यासाठी नाहीत, अडकण्यासाठी आहेत. हे दोन दिवस सुट्टीत बसत नसतील तर कन्याकुमारी सोडा आणि हंपीला जा. हे मी मनापासून सांगते. रजा संपत आली म्हणून भर पावसात निघालेला माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

आता एकटं असण्याबद्दल. लोक एकटेपणाचा अर्थ 'वाटेत काही झालं तर कोण' असा लावतात. महामार्गावर मदत मिळते. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांवरचा मदतीचा फोन क्रमांक आहे, ११२ सगळीकडे चालतो, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे, आणि आपल्याकडे रस्त्यावरचा माणूसही थांबतो. खरी अडचण वेगळी आहे. दोघं असतील तर एक जण म्हणतो, 'बास, आता थांबू.' एकटीला हे म्हणणारं कोणी नसतं. अंगातून पाणी निथळत असतं, मुक्काम चाळीस किलोमीटरवर असतो, हॉटेलचे पैसे भरलेले असतात, आणि मन म्हणतं, 'एवढंसं तर आहे.' त्या क्षणी घेतलेला निर्णय चांगला नसतो, कारण थंडीने आणि थकव्याने डोकं जड झालेलं असतं. म्हणून थांबण्याचे निर्णय घरी, कोरड्या कपड्यांत, चहा घेताना घ्यायचे आणि कागदावर लिहून टाकीवरच्या बॅगेत ठेवायचे.

माझ्या कागदावर असतं ते असं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील, तर पुढच्या पक्क्या छपराखाली थांबायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे तीस सेकंद हे दहा किलोमीटरचं अंतर झालं, आणि वीज तेवढ्या लांबही पडते. (टायर रबराचे आहेत म्हणून वीज लागत नाही, हे साफ चुकीचं आहे. चारचाकीत माणूस वाचतो तो पत्र्याच्या बंद टपामुळे. आपल्याला टप नाही.) रस्त्यावरून वाहणारं पाणी ओलांडायचं नाही, मग समोरून कोणी पार करून येताना दिसलं तरी. पुढच्या गाडीचा मागचा दिवा पाण्याच्या तुषारांत दिसेनासा झाला तर रस्ता सोडून थांबायचं. बोटं क्लचवर नीट वळेनाशी झाली तर तो दिवस तिथेच संपला. आणि दुपारी चारनंतर कुठलाही नवा टप्पा सुरू करायचा नाही.

हे नियम किती कामाला येतात ते कोल्हापूरच्या पुढे कळलं. पेट्रोल भरून निघणार होते, आकाश अजून अर्धं उघडं होतं. पंपावरचे काका म्हणाले, "ताई, म्होरं जाऊ नगासा, निपाणीकडनं आभाळ भरून आलंय बघा." मला दिसत होतं ते वेगळं, पण घड्याळात सव्वाचार झाले होते आणि कागद चारचा होता. मी त्यांच्याच शेडमध्ये गाडी लावली. वीस मिनिटांत समोरचा रस्ता दिसेना. स्थानिक माणसाला आपल्या भागातलं आभाळ कुठल्याही अ‍ॅपपेक्षा चांगलं वाचता येतं. विचारायला लाजू नका, आणि विचारताना 'पुढे पाऊस आहे का' असं न विचारता 'तुम्ही आत्ता निघाला असता का' असं विचारा.

अ‍ॅप मात्र असायलाच हवेत. पुण्याच्या शिवाजीनगरातल्या आपल्या 'शिमला ऑफिस'वाल्या हवामान विभागाचे जिल्हावार इशारे रात्री आणि पहाटे निघण्याआधी, दोन्ही वेळा बघा. तुम्ही राहता तो जिल्हा बघून उपयोग नाही, दिवसभरात जे तीन-चार जिल्हे लागणार ते बघा. त्यांच्या भाषेत 'जोरदार पाऊस' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. 'अति जोरदार' ११५.६ पासून सुरू होतो. 'तुरळक ठिकाणी' लिहिलं असेल तर जिल्ह्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी, म्हणजे जायला हरकत नाही पण डोळे उघडे ठेवून. ऑरेंज इशारा असेल तर मी फक्त सकाळचा टप्पा करते, रेड असेल तर गाडी बाहेर काढत नाही. पुढच्या तीन तासांचे तातडीचे इशारेही येतात, ते चहाच्या थांब्यावर बघण्यासारखे. आणि पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' आजच फोनमध्ये घ्या. तुमच्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का ते दाखवतं.

मदुराईच्या पुढे माझा पहाटेचा नियम तितका चालत नाही हेही सांगते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र आलं की तमिळनाडूत दिवसभर, रात्रभर पाऊस लागतो. तो वेळ बघून चुकवता येत नाही, मुक्काम वाढवूनच चुकवावा लागतो. चक्रीवादळाची बातमी असेल तर किनाऱ्याकडे जाऊच नका. नोव्हेंबर २०१७ च्या शेवटी आलेलं 'ओखी' कन्याकुमारीच्या जवळूनच गेलं होतं आणि त्या जिल्ह्यात फार नुकसान झालं. केरळमार्गे परत यायचा मोह होईल, रस्ता सुंदर आहेच, पण तिथे ऑक्टोबरच्या दुपारी विजांचा पाऊस जवळजवळ रोजचा. पहिल्या खेपेला तरी, ज्या रस्त्याने गेलात त्याच रस्त्याने परत या.

रस्त्याबद्दल थोडं. सातारा ते कागल जिथे सहापदरीकरणाचं काम चालू असेल तिथे वळणरस्त्यावर माती असते. कोरडी असताना धूळ, ओली झाली की साबण. पुढे धारवाडकडची काळी माती याहून वाईट, ती टायरच्या खाचा भरून टाकते. ऑक्टोबर संपत आला की कराड ते निपाणी उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, ऊस बाजूला लटकत असतो आणि चाकांची माती रस्त्यावर सांडलेली असते. अंधारात आणि पावसात ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पहाटे निघतानाही कराडच्या पुढे उजाडल्यावरच पोचाल असं बघा.

वाऱ्याचा विचार कोणी करत नाही. चित्रदुर्गजवळ टेकड्यांवर पवनचक्क्या दिसतील, तशाच तिरुनेलवेलीच्या पुढे पणगुडी, मुप्पंदलकडे. पवनचक्क्या जिथे आहेत तिथे वारा आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मुप्पंदलचा वारा मे ते सप्टेंबर सगळ्यात जोरात असतो, ऑक्टोबरात उतरलेला असतो, तरी आडवा झोत गाडीला अर्धा फूट सरकवू शकतो. हँडल घट्ट आवळून धरू नका, गुडघ्यांनी टाकी धरा, कोपर सैल ठेवा आणि वेग साठच्या आत आणा. मोठ्या ट्रकला ओलांडताना त्याचा आडोसा संपला की झोत एकदम बसतो, त्याची तयारी ठेवूनच पुढे व्हा. नदीवरच्या पुलांवरही तसंच. पुलाच्या लोखंडी सांध्यांवर आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ओल्यात ब्रेक लावायचा नाही, गाडी वाकवायची नाही. पावसाची पहिली वीस मिनिटं सगळ्यात निसरडी असतात, कारण रस्त्यावरचं तेल आणि डिझेल वर आलेलं असतं. तेव्हाच चहा प्यायला थांबा.

सामानावर लोक पानंच्या पानं लिहितात, मी थोडक्यात सांगते. दोन भागांचा, भडक पिवळा किंवा केशरी रेनकोट. आयएसआय हेल्मेट आणि पांढरीच काच, काळी नको. काचेला आतून भांड्याच्या साबणाचा अगदी पातळ हात फिरवून पुसून घेतलात तर वाफ धरत नाही. कपड्यांचा एक पूर्ण जोड जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून ठेवायचा आणि मुक्कामाशिवाय तो उघडायचाच नाही. या पिशव्या आणि ताडपत्रीचे तुकडे बोहरी आळीत स्वस्तात मिळतात. क्लच केबल, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग नाना पेठेतून घेऊन ठेवा आणि केबल बदलायला मेकॅनिककडून शिकून घ्या. टायरची झीज दाखवणाऱ्या खुणेपर्यंत नक्षी आली असेल तर निघण्याआधी टायर बदलाच, इथे पैसे वाचवू नका. पावसात भिजलेल्या चेनला त्याच रात्री तेल द्या. रेनकोट पाऊस सुरू व्हायच्या आधी घालायचा, आणि घालायला उड्डाणपुलाखाली थांबायचं नाही. तिथे दुचाकींची गर्दी रस्त्यावर येते आणि मागून वेगात आलेल्या गाडीला ती दिसत नाही. पंप, बस थांबा किंवा हॉटेलचं आवार बघा.

थंडीला कमी लेखू नका. ऑक्टोबरात थंडी कसली, असं वाटेल. पण ओले कपडे आणि साठच्या वेगाचा वारा मिळून वीस-बावीस अंशांतही अंगातली ऊब काढून घेतात. थरथर सुरू झाली की गरम, गोड काहीतरी पोटात हवं, कपडे बदलायला हवेत, आणि तासभर गाडीला हात लावायचा नाही.

आता आई. त्यांना समजवायला जाऊ नका, त्यांना आखणीत घ्या. मुक्कामांची यादी, प्रत्येक ठिकाणच्या हॉटेलचा फोन आणि तो थांबण्याच्या नियमांचा कागद त्यांच्याकडे द्या. फोनवरचं ठिकाण दिवसभर दिसत राहील असं करून द्या, पण रेंज गेली की तो ठिपका गोठतो आणि घरचे घाबरतात, हे आधीच सांगून ठेवा. मी घरी एकच वेळ बांधून दिलेली आहे: दुपारी तीन. तीनपर्यंत फोन नाही आला तर आधी मला, मग हॉटेलला, आणि पाचपर्यंत काहीच कळलं नाही तर ११२ ला. माझ्या आईची काळजी यामुळे संपली असं नाही, पण काय करायचं हे माहीत असल्याने तिला दिवसभर देवापाशी बसावं लागत नाही.

निघण्याआधी सप्टेंबरातल्या एखाद्या पावसाळी रविवारी सगळं सामान बांधून पहाटे वाईपर्यंत जाऊन या. खंबाटकी घाट चढा, ओल्या वळणांवर सामानासकट गाडी कशी वागते ते बघा, रेनकोटच्या कुठल्या शिवणीतून पाणी शिरतं ते बघा. येताना सिंहगड रस्त्याच्या बाजूला आलात तर कळवा, गाडीचे टायर आणि सामानाची बांधणी मी बघून देईन.